वाफसा

सहा वर्षं यादीत उभं होतं माझं नाव.
फेब्रुवारीत पत्र आलं: प्लॉट सत्तावीस, अर्धा.
फाटकाची किल्ली एनिडकडे.
कोंबड्या चालतील, कोंबडा नाही.

रात्रपाळी उतरून तशीच गेले,
इस्पितळाचे बूट पायांत.
खाली टाइन नदी, शिशाच्या रंगाची.
वर उतारावर कबुतरखाने,
आणि पाडलेल्या घरांच्या दारांतून उभ्या केलेल्या शेड.
एका दारावर घराचा नंबर अजून तसाच, एकोणीस,
आणि खाली पत्रं टाकायची फट.

"तो तुझा," एनिडने बोट दाखवलं.
कुठला?
मला दिसलं ते ब्लॅकबेरीचं काटेरी रान,
एक न्हाणीचा टब, त्यात बेडकांची अंडी,
एक पालथी बादली,
आणि गवताखाली गालिचा.
हो, गालिचा. तण मरावं म्हणून कुणीतरी अंथरलेला.
आता तणानेच तो विणून काढला होता.

चार तुकड्यांत निघाला. चार रविवार म्हणा ना.

खाली हरळी. म्हणजे इथली, थंडीतली, पांढऱ्या मुळ्यांची,
पण जात तीच:
एक पेर राहिलं की पुन्हा सगळं गाव वसवणार.
मी उपटत गेले, ती शेजाऱ्याच्या हद्दीत निघून गेली.

सल्ल्यांना तोटा नव्हता.
तिबोर म्हणाला, खोल खण.
त्याची बायको म्हणाली, अजिबात खणू नकोस, पुठ्ठे अंथर.
लसूण आता लाव. लसूण आता? वेडी आहेस का?
मी सगळ्यांना हो म्हटलं
आणि मातीतून एक चमचा काढला,
एक निळी बाटली, खेळण्यातल्या घोड्याचे तीन पाय.

यांचा धनी मेला असणार, असं मी धरूनच चालले होते.
"कथबर्ट?" एनिड म्हणाली, "छे.
दोन नोटिसा गेल्या त्याला. तण वाढलं म्हणून."
आणि तिने किल्ल्यांचा जुडगा उगाच मोजला.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी तो कुंपणापाशी उभा होता.
खुब्याचं ऑपरेशन, डावीकडचं,
एवढं चालीवरून कळलं मला.
माझ्या कुदळीला चिखल, बुटांना चिखल,
प्रत्येक पाय पाच किलोचा.
काहीतरी बोलायला हवं होतं. माफ करा, असं काही.
कशाबद्दल, ते जुळेना.

"मूठभर घे," तो म्हणाला.
घेतली.
"दाब. उघड. आता बोट लाव."
गोळा तसाच राहिला,
माझ्या बोटांचे ठसे अंगावर घेऊन.
"नाही अजून," तो म्हणाला. "घरी जाऊन झोप.
ओली खणलीस तर वर्षभर विटा काढशील."

जाता जाता काठीने बादलीकडे खूण:
"खाली रूबार्ब आहे. पहिले चार दांडे माझे."
नियमांप्रमाणे त्याचं इथे काहीच नव्हतं.
"बरं," मी म्हटलं.

मग रोज, पाळी सुटली की,
फाटक, मूठ, बोट. नाही.
फाटक, मूठ, बोट. नाही.
रात्रभर ज्या हातांनी लोकांच्या नाड्या पाहिल्या
त्याच हातांनी हे.
वारा सुटला, नदीवरून, दोन दिवस, कोरडा.
बुधवारी गोळ्याला बोट लावलं
आणि तो विस्कटला.
आवाज नाही, काही नाही. नुसता सुटा झाला,
जसा पहाटे एखादा ताप उतरतो
आणि पेशंट पाणी मागतो.

पहिली सरी वाकडी गेली. जाऊ दे.
बटाट्यांना कुठे कळतंय.

बादली उचलली. आत गुलाबी, ओलसर,
अंधारात वाढलेल्या माणसासारखे उंच दांडे.
चार काढले, वर्तमानपत्रावर, कुंपणापाशी ठेवले.
साडेदहापर्यंत तसेच.
मी पाठ वळवून खणत राहिले.

मग पाहिलं तर एकच उरला होता,
पान चाकूने नीट छाटलेला.